आधी नऊ, नंतर दोन

“बसा,” असे बाई म्हणाल्या त्याला बराच वेळ होऊन गेला होता, आणि तरीही कोणी बसत नव्हते. तीस माणसे तीस चटयांच्या कडेला उभी होती. थंड पाण्यात उतरावे की नाही, अशा संभ्रमात काठावर उभे राहावे तशी. मोजे काढायचे की ठेवायचे, हे कोणी सांगितले नव्हते. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांसमोर आधी आडवे व्हायचे, की प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसमोर, हेही ठरलेले नव्हते. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिले आणि मग पुन्हा आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे. शांतता शिकायला आलेल्या माणसांची ती पहिली शांतता होती, आणि तिच्यात श्वास घ्यायलाही कोणी धजत नव्हते.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, “बाई, मी बसतो, पण पुन्हा उठवायची जबाबदारी तुमची.”

बोलणाऱ्याला सगळे ‘आजोबा’ म्हणत. वय पस्तिशीचे, पण संशोधनाचे हे नववे वर्ष. म्हणून ही पदवी त्याला विद्यापीठाने नव्हे, मित्रांनी बहाल केली होती. हशा पिकला, गुडघे वाकले, माणसे बसली. माझ्यावर एक लहानखुरी मुलगी बसली. तिचे वजन इतके थोडे होते, की ती अजून उभीच आहे असे मला क्षणभर वाटले.

मित्रांनो, मी त्या खोलीतली सतरा क्रमांकाची चटई. आता मी जुनी झाले आहे. माझ्या कडा झडून गेल्या आहेत आणि माझा हिरवा रंग कुठला होता हे मलाही आठवून सांगावे लागते. माझी कहाणी मोठी नाही. पण ती पाठीखालून पाहिलेली आहे, आणि माणसाची पाठ त्याच्या चेहऱ्याइतकी सराईतपणे खोटे बोलत नाही.

माझ्या जन्मात काव्य शोधू नका. मला कोणी गवताच्या काड्यांनी विणले नाही, कोणाच्या बोटांचा हिशेब माझ्या अंगात गुंफलेला नाही. एका कारखान्यात रबराचा लगदा तापवला गेला, त्यात हवा फुंकली गेली, आणि त्याचा लांबच लांब पट्टा ओतून, निववून, पात्याने कापला गेला. त्यातला एक तुकडा मी. बाहेर पाठवण्यापूर्वी एक तपासनीस प्रत्येकीत अंगठा रुतवी आणि तो खळगा किती वेळात भरून येतो ते घड्याळात पाही. मी झटकन भरून आले. तो म्हणाला, “चांगली आहे.” माझे सारे शिक्षण ते एवढेच: दाबले की दबायचे, हात काढला की पूर्ववत व्हायचे, आणि मधे काय झाले त्याची खूण ठेवायची नाही. ही परीक्षा केवळ चटयांची घेतात असा माझा समज होता. विद्यापीठात आले आणि तो फिटला.

आमची खोली परीक्षा विभागाच्या तळघरात होती. पूर्वी तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवत. लोखंडी मांडण्या उचलून नेल्या, तरी भिंतींवर त्यांच्या गंजाचे उभे पट्टे राहिले, आणि ओलसर कागदाचा वास कितीही पुसले तरी फरशीतून वर येत राहिला. हजारो मुलांची धास्तावलेली अक्षरे जिथे वर्षानुवर्षे कुजली, तीच खोली निर्धास्त होण्यासाठी देण्यात आली. हा विनोद कोणी मुद्दाम केला नव्हता. तिथे विनोद आपोआप होत.

शिकवणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या होत्या. त्यांचा उजवा गुडघा दुखत असे, आणि ते कोणाला कळू नये म्हणून त्या उठताबसताना मुद्दाम काहीतरी बोलत. डोळ्यांना ते दिसत नसे; आम्हा चटयांना मात्र त्यांचे उजवे पाऊल नेहमी हलके लागे. पण त्यांना त्यांची विद्या खरोखर येत होती, हे मी कडवटपणाच्या कुठल्याही घोटाआधी सांगून ठेवते. त्या पाठीवर दोन बोटे ठेवीत आणि नेमक्या जागी ठेवीत. “दातांना एकमेकांपासून जरा सुट्टी द्या,” असे म्हणत, आणि तीस जबडे एकाच वेळी सैल पडत. “विचार येईल. येऊ दे. त्याला बसायला खुर्ची देऊ नका, एवढंच,” असे म्हणत. त्यांचा लाडका शब्द ‘सोडा’. खांदे सोडा, कपाळावरची आठी सोडा, मूठ सोडा, श्वास सोडा.

“बाई, सोडा फार झाला,” आजोबा डोळे मिटूनच म्हणे. “आता थोडं लिंबू येऊ द्या.”

“लिंबू परीक्षा विभागात मिळेल,” बाई म्हणत. “पिळूनच देतात.”

असे ते दिवस होते. मी त्यांना चांगले म्हणते.

बाईंची नोकरी कराराची होती आणि करार दर सत्राला नवा होई. त्यांची मुलगी याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. आईचा करार गेला की लेकीची जागाही जाणार, असा नियम होता. बाई हे कधी बोलल्या नाहीत. मला ते कळले मावशींमुळे. मावशी म्हणजे खोली झाडणाऱ्या. त्या आम्हाला पुसताना आमच्याशी बोलत, आणि आम्ही कोणाला सांगणार नाही अशी त्यांची खात्री होती.

तणावमुक्तीचा हा वर्ग सुरू होऊन महिना झाला तेव्हा विद्यार्थी कल्याण अधिकारी खाली आले. मुले त्यांना कल्याणसाहेब म्हणत. त्यांनी एक छापील तक्ता आणला. त्यात दोन रकाने: ‘आधी’ आणि ‘नंतर’. वर्गाला बसण्याआधी आपला ताण एक ते दहात किती आहे ते लिहायचे, आणि उठताना पुन्हा लिहायचे. नाव लिहायचे नाही, फक्त नोंदणी क्रमांक. ही त्यांच्या मते गुप्तता होती.

पंधरा दिवसांनी ते भरलेल्या तक्त्यांची चळत घेऊन आले. मुले गेली होती. मावशी कोपऱ्यात फडके पिळत होत्या.

“मॅडम, हे काय? आधी सात, नंतर सहा. आधी आठ, नंतर आठ. हा एक तर बघा, आधी दहा, नंतर अकरा!”

“तो आजोबा आहे,” बाई म्हणाल्या. “त्याचं मनावर घेऊ नका.”

“मी नाही घेत. समिती घेते.”

“साहेब, तासाभरात एक आकडा उतरला तरी पुष्कळ आहे. काहींचा तर आधी वाढतो. डोळे उघडे असले की टाळता येतं. मिटले की समोरच येऊन बसतं.”

“हे तुमचं फार सुंदर आहे, पण समितीला हे कसं दाखवू? समितीला उतार दाखवावा लागतो.” साहेबांनी तक्ते ठोकून सरळ केले. “बघा बुवा. नाहीतर पुढच्या सत्राचं जरा अवघड आहे.”

दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आधी मावशींनी दारातच मुलांना अडवले. “पोरांनो, ते आकडे जरा खाली लिहीत जा. दोन लिहा. तुमचं काय जातंय? नाहीतर बाईंना घरी बसवतील.”

“मावशी,” आजोबा म्हणाला, “माझ्या आयुष्यात काहीतरी कमी होणार असेल तर मी आनंदानं सही करीन.”

त्या दिवसापासून ‘नंतर’च्या रकान्यात दोन येऊ लागले. काहींनी तीन लिहिले, तेवढाच खरेपणा म्हणून. कोणी कोणाला भाग पाडले नव्हते. त्या खोलीत त्यांना दिवसातून एक तास कोणी काही विचारत नसे, आणि त्या तासासाठी ती मुले खोटे बोलायला तयार झाली. बाईंवरची माया त्यांनी आकड्यांत लिहिली. जगात अशी चूक क्वचितच घडत असेल, की जी फक्त चांगल्या माणसांना सुचते.

वर्ग संपल्यावर बाईंनी तक्ते गोळा केले. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग चाळतच गेल्या. त्यांचे पाऊल माझ्या कडेवर होते. ते एकदम जड झाले. त्यांना कळले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा तीस चेहरे त्यांच्याकडे लहान मुलांसारखे आशेने पाहत होते.

“छान,” बाई म्हणाल्या.

एवढा एक शब्द. त्या दिवशी त्या ‘खरे लिहा’ म्हणाल्या असत्या, तर माझी कहाणी इथेच संपली असती, आणि तुम्हाला एक आनंदी चटई भेटली असती.

पुढे आमचे कौतुक सुरू झाले. जिन्यात मोठा फलक लागला: एक उतार, त्याच्यावरून घसरत आलेला हसरा गोल चेहरा, आणि खाली अक्षरे, ‘आठवरून दोनवर!’ कुलगुरू छायाचित्रासाठी खाली आले आणि नेमके माझ्यावर आडवे झाले. ते अकरा सेकंद पडून राहिले. त्या अकरा सेकंदांत त्यांची मान एकदाही टेकली नाही, कारण केस विस्कटले असते. उठल्यावर ते म्हणाले, “फारच हलकं वाटतंय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, तेव्हा मीही फुशारले होते, हे लपवणार नाही. चटईला एवढे कौतुक कुठून मिळायचे?

आता त्या मुलीबद्दल सांगते, जी पहिल्या दिवशी माझ्यावर बसली आणि मग रोजच बसू लागली. खांबाच्या मागे, भिंतीलगत माझी जागा. तीच तिला हवी असे. आजोबाने तिचे नाव ‘तळटीप’ ठेवले होते. कोणी कारण विचारले तर सांगे, “ती पानाच्या तळाशी बसते, बारीक अक्षरात बोलते, आणि खरं काय ते तिथंच लिहिलेलं असतं.” ती ऐकून हसे आणि म्हणे, “आणि वाचत कोणी नाही, हे सांगायचं राहिलं.”

ती गांडुळांवर संशोधन करत होती. वेगवेगळ्या मातीच्या लाकडी पेट्यांत तिने गांडुळे पाळली होती. ती किती खाली जातात, माती किती वर आणतात, पावसाळ्याआधी काय करतात, अशी तिची पाच वर्षांची टिपणे होती. तिच्या बोटांना ओल्या मातीचा वास येई. तिने तळवे माझ्यावर टेकले की त्या कुजट खोलीत मला पहिल्यांदा कुठेतरी बाहेर असल्यासारखे वाटे.

तिची पाठ माझ्यावर कधी पूर्ण टेकली नाही. खांद्यांची दोन हाडे, कंबर, टाचा, एवढेच येत. मधली सारी कमान हवेत राही. सुरुवातीला ती जरा टेकू लागली होती. दोनदा तर तिला झोप लागली आणि बाईंनी तिला उठवू दिले नाही. बाकीचे बूट हातात घेऊन दबक्या पावलांनी गेले. त्या विद्येचा उपयोग होत नव्हता असे मी म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच मला राग येतो.

मग प्रयोगशाळेची दुरुस्ती निघाली. रंगाऱ्यांना जागा हवी म्हणून कोणीतरी तिच्या पेट्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. तीन दिवस कडक ऊन होते. तिला चौथ्या दिवशी कळले. त्या संध्याकाळी ती वर्गाला आली तेव्हा तिच्या नखांत भुकटी झालेली माती होती. माझ्यावर पडून ती छताकडे बघत राहिली आणि बाई “सोडा” म्हणाल्या तेव्हा तिच्या मुठी आणखी घट्ट झाल्या.

पुन्हा पेट्या भरायच्या, पुन्हा एक हंगाम थांबायचे, म्हणजे तिला सहा महिने हवे होते, आणि प्रबंधाची मुदत दोन महिन्यांवर आली होती. तिच्या तुकडीपासून नवा नियम होता: मुदत टळली की नोंदणी रद्द. पाच वर्षे पुसून पाटी कोरी. मुदतवाढ मिळत असे, पण ती फक्त संशोधकाच्या आजारपणासाठी. गांडुळे मेल्याबद्दल मिळत नसे.

“गांडुळांचं वैद्यकीय प्रमाणपत्र मिळेल का बघ,” आजोबा म्हणाला. पण तो हसला नाही.

आणि खरे तर ती आजारीच होती. तिला आता माझ्यावर डोळाही लागत नसे. रोज ती माझ्यावर पालथी पडून, कोपरे टेकून, पेन्सिलीने तो तक्ता भरी. कागद माझ्यावर ठेवलेला, त्यामुळे तिचा प्रत्येक आकडा माझ्या अंगात उमटे. अगोदर ती ‘नंतर’च्या रकान्यात नऊ लिही. दाबून लिही. मग खोडरबराने तो नऊ पुसे आणि हलक्या हाताने दोन लिही. कागदावर दोन राही. माझ्यात मात्र नऊ राही. झटकन भरून येणारी मी, पण ते नऊ काही माझ्यातून भरून निघाले नाहीत. रोज त्याच जागी, रोज तेवढाच जोर. मी दुसऱ्या कोणत्याही गोष्टीची साक्षीदार नाही. याची आहे.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून तिने अर्ज केला. तीन आठवड्यांनी उत्तर आले. वर्ग सुरू व्हायला अवकाश होता, बाई आलेल्या नव्हत्या. तिने ते आजोबाला वाचून दाखवले, तिच्या त्या बारीक अक्षरासारख्या आवाजात.

“‘अर्जदाराने तणावमुक्ती वर्गातील एकतीस नोंदींमध्ये वर्गानंतरची तणावपातळी दोन असल्याचे स्वहस्ते नमूद केले आहे. सबब, प्रकृतीच्या कारणास्तव मुदतवाढ देण्याचे प्रयोजन दिसून येत नाही.’”

मावशींच्या हातातली बादली फरशीवर टेकली.

“स्वहस्ते,” ती म्हणाली. “शब्द बघ किती छान आहे.”

वर्ग झाला. त्या दिवशी बाई काय शिकवत होत्या ते कोणाच्या कानात शिरले नसावे. बाकीचे गेल्यावर ती थांबली आणि तो कागद तिने बाईंच्या हातात दिला. बाईंनी उभ्याने वाचला, मग त्या खाली बसल्या. गुडघा दुखला, तरी या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

“फेरविचाराचा अर्ज करता येतो,” ती म्हणाली. “आठवड्याच्या आत. मला फक्त तुमचं एक पत्र हवंय, बाई. आकडे खरे नव्हते, एवढंच.”

“तू आधी जरा श्वास घे.”

“घेतेय बाई. पाच वर्षं घेतेय.”

बाईंनी मान खाली घातली. “मी सांगितलं नव्हतं गं तुम्हाला, तसं लिहा म्हणून.”

“नाही सांगितलंत. आम्हीच लिहिलं. तुमच्यासाठी लिहिलं, असं मी म्हणणार नाही. आम्हालाही ही खोली हवी होती. पण तुम्हाला माहीत होतं ना?”

“होतं.”

“मग तेवढंच लिहा. मला माहीत होतं, असं.”

बाई म्हणाल्या, “देते.” आणि मित्रांनो, त्या खोटे बोलत नव्हत्या. ती गेल्यावर त्यांनी दार लोटले, पिशवीतून कोरा कागद काढला, आणि टेबल असूनही माझ्यावर पालथ्या पडून पत्र लिहिले. त्यांचा हात स्थिर होता. ‘हे आकडे मुलांनी वर्ग टिकावा म्हणून लिहिले. ते खरे नाहीत हे मला ठाऊक होते. मी गप्प राहिले.’ तीन वाक्ये. शेवटच्या वाक्यापाशी पेन इतके रुतले की कागद फाटता फाटता राहिला. खाली सही केली, घडी घातली आणि पत्र पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवले.

दोन दिवसांनी कल्याणसाहेब खाली आले. फेरविचाराच्या अर्जावर बाईंचे म्हणणे नोंदवून घ्यायचे होते. त्यांनी तिलाही बोलावले होते. ती दारापाशी, अर्धी आत अर्धी बाहेर, उभी होती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंसाठी खुर्ची ओढून दिली आणि स्वतः उभे राहिले.

“मॅडम, एवढंच सांगा, तक्त्यातले आकडे खरे की खोटे?”

बाईंचा हात पिशवीवर होता.

“बोलण्याआधी एक लक्षात घ्या,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “हिचे खोटे म्हणालात, तर सगळ्यांचेच खोटे. मग तो फलक खोटा, अहवाल खोटा, आणि वर्ग कशासाठी होता याचं उत्तर मला वर द्यावं लागेल. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. तुमची मुलगी पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षाला, ना?”

“हो.”

“हुशार आहे, ऐकलंय.”

वर कोणीतरी खुर्ची ओढली. बाईंचा हात पिशवीच्या बंदावरून फिरला, आतल्या कप्प्यापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

“वर्ग संपतो ना, साहेब,” बाई म्हणाल्या, “त्या क्षणी मुलं शांतच असतात.”

“म्हणजे आकडे खरे.”

बाई पिशवीकडे पाहू लागल्या.

“खरे ना, मॅडम? मला लिहावं लागतं.”

“त्या क्षणापुरते... हो.”

साहेबांनी लिहिले. ‘त्या क्षणापुरते’ हे शब्द त्यांनी लिहिले नाहीत. रकाना तेवढा मोठा नव्हता. दारातली मुलगी तोवर गेलेली होती. ती कधी गेली, ते तिच्या पावलांच्याही ध्यानात आले नसेल, इतकी हलकी गेली.

तिचा फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला, बाईंचा करार नवा झाला. ते पत्र त्यांनी पुढे फाडले की ठेवले, मला माहीत नाही. मी तो कप्पा पुन्हा उघडलेला पाहिला नाही. माझ्यावर काही आठवडे कोणी बसले नाही. आजोबा माझ्या शेजारच्या चटईवर येई आणि त्या काळात त्याने एकही विनोद केला नाही, याची वर्गाला सवय होईपर्यंत सत्र संपले. नव्या सत्रात जांभळ्या, जाड, सुगंधी चटया आल्या. त्यांच्यावर विद्यापीठाचे बोधचिन्ह होते. आम्हा जुन्यांतल्या काही छापखान्यात यंत्राखाली गेल्या, काही खिडक्यांच्या फटींत कोंबल्या गेल्या. मला बाईंनी ठेवून घेतले आणि दाराशी अंथरले, लोकांनी बूट काढताना पाय टेकायला. मायेने ठेवले की आणखी कशाने, ते त्यांचे त्यांना ठाऊक. दारातून जाताना मात्र त्या आजही मला ओलांडून जातात.

मित्रांनो, म्हातारपणी चटईने विनंती करायची असते: मला उन्हात टाकू नका, ओली असताना गुंडाळू नका, काम संपले म्हणून फेकून देऊ नका. मी ते मागणार नाही. मला फेका, मी रबर आहे. मला मागायचे आहे ते वेगळेच. तुम्हाला कोणी मऊ आवाजात विचारले, की आता कसे वाटते, तर विचारणाऱ्याच्या हातात तक्ता आहे का ते आधी बघा. आणि तुमच्यासाठी कोणी आपले दुःख कमी करून लिहीत असेल, तर ‘छान’ म्हणू नका. खोडलेले पुन्हा लिहायला लावा. माणसाला सैल व्हायला शिकवावे, मी त्याच्या विरुद्ध नाही. माझे आयुष्य त्यातच गेले. पण पेट्या उन्हात कोणी ठेवल्या हे न विचारता ज्याच्या पेट्या जळल्या त्यालाच दीर्घ श्वास घ्यायला सांगणे, याला मी विद्या म्हणणार नाही. मी मऊ होते. त्या सगळ्या प्रकरणात माझाही वाटा आहे, आणि तो मऊपणाचाच आहे.

मुदत टळून गेल्यावर चार महिन्यांनी ती एकदा आली. दुपारची वेळ, खोली रिकामी, बाई टेबलाशी हजेरी लिहीत होत्या. विद्यापीठ सोडून जाताना प्रत्येक विभागाची सही लागते: आमची वस्तू परत मिळाली, आमची हरकत नाही. तिच्या हातात तो लांबलचक कागद होता. ती दाराशी माझ्यावर उभी राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने बूट काढले नाहीत.

“सगळ्या झाल्या,” ती म्हणाली. “तुमची एक राहिलीय.”

बाई उठून तिच्याकडे आल्या. कागद घेतला. वाचला: ‘चटई क्रमांक सतरा सुस्थितीत परत मिळाली.’ त्यांनी खाली, तिच्या बुटांकडे, माझ्याकडे पाहिले, आणि कागद भिंतीला लावून सही केली. तरी कागद लगेच दिला नाही.

“पेट्यांचं काय केलंस?”

“होत्या त्या बागेत रिकाम्या केल्या. त्यात थोडी गांडुळं जिवंत निघाली.”

“आणि तू?”

“मामाकडे जातेय. त्याची रोपवाटिका आहे.”

“बरं आहे,” बाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनाच लागला असावा, कारण त्यांनी ओठ मिटून घेतले. मग त्यांनी कागद पुढे केला, पण आपले टोक धरूनच ठेवले. दोघींच्या मधे तो ताणलेला राहिला. बाईंचा आवाज वर्गातला नव्हता. तो घोगरा होता आणि त्याला कुठलीही लय नव्हती.

“मला एक सांग. माझ्या जागी तू असतीस, आणि तुझी मुलगी असती, तर तू काय केलं असतंस?”

ती बाईंकडे पाहत राहिली. रागाने नाही. एखाद्या पेटीत डोकावून आत काही हलते आहे का ते पाहावे, तशी. तिच्या टाचांचा भार माझ्यावर एकदा मागे गेला, एकदा पुढे आला.

मग तिने बाईंच्या बोटांतून कागद अलगद काढून घेतला, घडी न घालता पिशवीत सरकवला, आणि जिना चढून वर निघून गेली.